कूस बदलल्याची वही

५ नोव्हेंबर, बुधवार

आणि वर दादा म्हणतो, जुनं उगाळू नकोस! मी उगाळतो? दीड वर्षात दादापुढे एकदा तरी त्या बाईचं नाव काढलं का मी? फोन दादाला करतो. पैसे दादाच्या नावावर पाठवतो. विषय त्यानेच काढला. म्हणे बाबा पंक्चरच्या दुकानात स्टुलावरून पडले, खुब्याचं हाड गेलं, आठवडा झाला. डॉक्टर म्हणतात या हृदयाला ऑपरेशन झेपायचं नाही, पडूनच राहू दे. आणि म्हणे, काळजी करू नकोस, वहिनी सगळं बघते.

सगळं बघते! आईचंही बघितलंच होतं की. आई अर्धांगवायूने पडली तेव्हा चार महिने मी घरी होतो, तोवर पाठीला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी कामासाठी बाहेर पडलो आणि दोन महिन्यांत पाठीला एवढी जखम! शेवटच्या चार दिवसांत पोचलो तेव्हा गावची नर्सबाई पट्टी बदलत होती, आणि आत — नको. नाही लिहीत. तिथेच, आईच्या खोलीच्या दारात, शेजारीपाजारी उभे असताना मी वहिनीला म्हणालो, तू माझ्या आईला सडवलंस. पहिल्यांदाच एकेरीवर आलो. ती काही बोलली नाही. हातात बादली घेऊन उभी राहिली. खरं होतं म्हणूनच बोलली नाही ना?

दादाला एवढंच बजावलं, बाबांच्या कमरेखाली ती ट्यूब घाल. मी आईसाठी केलेली, हवा भरून, गादीसारखी. दुकानाच्या दाराआड खिळ्याला टांगलेली असेल. निदान या घरात एकाने तरी आईसाठी काहीतरी केलं होतं!

दादाने फोन ठेवला.

पगार झाला की पाच हजार पाठवीन. दादाच्याच नावावर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ही वही मोठ्या सिस्टरने दिली आहे. उंचीने माझ्या खांद्याला लागत नाहीत, तरी सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. वहीत लिहायचं काय, तर कुठल्या पेशंटला किती वाजता कुठल्या कुशीवर केलं. दर दोन तासांनी. दहा वाजता डावी, बारा वाजता पाठ, दोन वाजता उजवी. ते पुढून लिहितो. हे मागून लिहितोय. दोन्ही बाजू मध्ये भेटतील तेव्हा बघू. तोवर मी इथे नसेन.

कंत्राटदार म्हणाला होता, हॉस्पिटलात माणसं हलवायचं काम आहे. मला वाटलं स्ट्रेचर ढकलायचं, लिफ्टमधून वरखाली. सोमवारी पहिल्या दिवशी सिस्टरने हातात दिलं काय — एक तसराळं, कोमट पाणी, चार फडकी आणि एक म्हातारा! म्हणे पुसून घ्या. मी म्हणालो, कुठे? त्या म्हणाल्या, सगळीकडे.

सगळीकडे. मी खरंच मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला सांगतायत का.

दुपारी जेवण गेलं नाही. पाच वेळा हात धुतले. दहा खाटा, दहा पुरुष, एकालाही आपल्या पायांनी संडासला जाता येत नाही. हे असं असतं हेच मला माहीत नव्हतं. आईचं सगळं वहिनी करायची, दार लावून. मी बाहेर दुकानात पंक्चर काढत असायचो.

घरी सांगितलंय मशीनवर आहे. कुठल्या मशीनवर ते अजून कोणी विचारलं नाही.

एक महिना. गोदाम सोडलं, वीटभट्टी सोडली, हॉटेलची भांडी सोडली, हेही सोडणार. डब्यात अकरा हजार जमलेत. ट्रकचं लायसन्स काढायचं आणि सुटायचं. चाकावर असलं की माणूस बरा असतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ओरडा खाल्ला. घाईघाईने म्हाताऱ्याची चादर ओढून बाजूला टाकली आणि कामाला लागलो. सिस्टर मागेच. एका वेळी एकच भाग उघडायचा म्हणाल्या, बाकीचं झाकायचं. "माणूस आहे, दुकान नाही, शटर वर केलं नि झालं."

तोंड आधी. डोळे नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला फडक्याचा वेगळा कोपरा. मग हात, छाती, पाय. खालचं सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी पाणी बदलायचं. पाणी कोपराने तपासायचं, हाताला अंदाज येत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. मी म्हणालो, एवढी तर मी स्वतःची आंघोळ करत नाही. म्हणाल्या, ते वासावरून कळतंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

चार नंबर खाटेवर एक शिंपी आहे. उजवी बाजू गेलेली, तोंड थोडं वाकडं, शब्द चावून चावून बाहेर येतात. पण येतात! दिवसभर येतात. चादरीला चुणी पडली की हाक मारतो. माझ्या शर्टाचा खांदा उतरलाय, कुठल्या गाढवाने शिवला म्हणतो. सिस्टर म्हणतात चुणीचं त्याचं बरोबर आहे, तासन्‌तास तिच्यावर पडून राहिलं की कातडीला तिचा वळ उठतो.

पण आज खालचं पुसायला गेलो तर डाव्या हाताने चादर घट्ट धरली. सोडेना. मीही तोंड फिरवून उभा. दोघांचेही कान लाल. मग तो भिंतीकडे बघत बोलला. चाळीस वर्षं बायका-पुरुषांची मापं घेतली म्हणाला. छाती, कंबर, मांडी. कधी कोणाला वावगं वाटलं नाही. कसं, ते ऐक —

"माप घेताना माणसाकडे बघायचं नसतं. टेपकडे बघायचं. आकडा मोठ्याने सांगायचा. तू फडक्याकडे बघ. आणि बोलत राहा काहीतरी."

मी फडक्याकडे बघितलं आणि पंक्चर कसं काढतात ते सांगत राहिलो. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो बघायचं, घासायचं, सोल्युशन लावायचं, वाळू द्यायचं. ठिगळ लावेपर्यंत काम झालं होतं. त्याने चादर कधी सोडली ते मलाही कळलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सात नंबरची नखं कापली. बाबांची नखं कोण कापत असेल?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शिंप्याची कवळी फेकून दिली मी! त्याने जेवणानंतर काढून कागदात गुंडाळून ताटात ठेवलेली. मला वाटलं खरकटं. अर्धा तास हातमोजे घालून कचऱ्याच्या पिशवीत हात घालून बसलो, आणि हा पलंगावरून बोळक्या तोंडाने सूचना देतोय, आणखी खाली बघ, डावीकडे बघ. नाही सापडली तर तुझे दात दे म्हणाला, तसेही तू ते घासत नाहीस. सापडली, भाताच्या गोळ्यात. धुऊन धुऊन दिली. तरी तोंडात घालताना माझ्याकडे असा बघत होता!

खूप दिवसांनी हसलो.

दादाला फोन केला. उचलला नाही. रागावलाय अजून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शिंप्याच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला. सिस्टरला दाखवला. त्यांनी बोटाने दाबला, सोडला. पांढरा झाला, मग हळूहळू परत लाल. बरं आहे म्हणाल्या, वेळेवर दिसलं. दाबून पांढरा झालाच नाही तर समजायचं आतलं मांस मरायला लागलं.

मांस मरायला लागलं! जिवंत माणसात! वर कातडी धड आणि आत हे चालू?

मी लगेच हाताला तेल घेऊन तो डाग चोळायला लागलो. रक्त फिरावं म्हणून. त्यांनी माझा हात झटकला. चोळायचं नाही. आतल्या बारीक शिरा आधीच चेंगरलेल्या असतात, चोळलं की फाटतात. नुसतं त्या जागेवरचं वजन काढायचं.

मी आईची पाठ चोळायचो. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की. पाठ दिसायची तेवढीच, कमरेपाशी, पदर बाजूला करून. चांगली लाल होईपर्यंत. आई म्हणायची, किती जोर रे तुझ्या हातात.

जाऊ दे. चार महिन्यांत मी असताना काही झालं नव्हतं. मी गेल्यावर झालं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उशीर झालाय. तरी लिहितो. कुठेतरी ठेवायलाच हवं हे.

सकाळी शिंप्याची मुलगी आली. पिशवीतून रबराची गोल गादी काढली, हवा भरायची, मध्ये भोक. बापाच्या लाल डागासाठी दुकानातून आणलेली. चांगली महागाची. मला आनंदच झाला. म्हणालो आणा, मी फुंकतो, हवेचं काम माझं. अर्धी भरून झाली आणि सिस्टर आल्या. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, हवा सोडली आणि मुलीच्या पिशवीत परत घातली.

मुलीला वाईट वाटलं. सिस्टर तिला समजावत होत्या, मी ऐकत होतो. माणसाला वाटतं मध्ये भोक आहे, म्हणजे दुखऱ्या जागेला काही टेकत नाही, आराम. पण सगळं वजन कडेवर येतं. कडा चहूबाजूंनी दाबते आणि मधल्या जागेचं रक्तच बंद होतं. कपड्याच्या घट्ट नाडीने कसं होतं, तसं. भोकातलं मांस तिथल्या तिथे मरतं. आम्ही कधीच वापरत नाही म्हणाल्या.

मी विचारलं, आणि घरी केलेली असली तर? स्कूटरच्या ट्यूबची?

"ती तर आणखी वाईट. किती टणक असते ती! कोणी केली?"

मी म्हणालो, असंच. आमच्याकडे एकाने.

मग चादरींच्या खोलीत जाऊन बसलो.

मी केली. दोन दिवस लागले. सायकलची मोठी होत होती, म्हणून स्कूटरची घेतली, बेताची. दोन जुनी पंक्चरं होती, दोन्ही घासून नवी ठिगळं लावली, वाफेवर पक्की केली. वॉल्व्ह आईला टोचू नये म्हणून खालच्या बाजूला वळवला. वर जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या, टाके मी स्वतः घातले, बोटात सुई गेली. हवा टणटणीत भरली, दबू नये म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी आईच्या खाली घातली. वहिनीला बजावलं, ही काढायची नाही. मी येईपर्यंत काढायची नाही.

मी असताना चार महिने काही झालं नाही, कारण मी असताना ट्यूब नव्हती.

आणि जखम गोल होती.

नर्सबाईने पट्टी काढली तेव्हा मी पाहिलं होतं. ताटलीसारखी गोल. कंपासने काढावी तशी. मी जन्मापासून टायर-ट्यूबमध्ये वाढलो. गोल कशाने होतं, एवढी एक गोष्ट तरी मला कळायला हवी होती. मी जखमेकडे पाहिलं आणि वहिनीकडे वळलो.

आणि बाबा! बारा दिवसांपूर्वी मीच दादाला सांगितलं, ट्यूब घाल!

दादाला सात वेळा फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. शेवटी बंदच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दादाचा फोन बंदच. वहिनीचा नंबर मी खोडून टाकलाय. पण पाठ आहे. दुकानाच्या पाटीवर तोच आहे. दादाचे हात सदा ग्रीसने भरलेले, म्हणून तिचा नंबर टाकला. पाटी मीच रंगवली होती.

नाही लावला. काय सांगू? ट्यूब काढा म्हटलं की का ते सांगावं लागेल. तुम्हाला कोणी सांगितलं म्हणतील, तेही सांगावं लागेल. आणि मग दीड वर्षं मी जे बोलत आलो त्याचं काय? मावशीकडे बोललो, शेजाऱ्यांकडे बोललो, दादाच्या सासरच्यांसमोर बोललो.

एका पाठीला बिघडायला दोन तास पुरतात. बाबा तेरा दिवस त्याच्यावर असतील तर?

शिंप्याला उजव्या कुशीवर करायला बारा मिनिटं उशीर झाला. तो म्हणाला, आज पंक्चरची गोष्ट नाही? थोड्या वेळाने त्याला सगळंच सांगितलं. कोणाचं नाव न घेता, एक माणूस होता म्हणून. तो काही वेडा नाही.

तो म्हणाला, कापड चुकीचं कापलं गेलं की शिंप्यासमोर दोन रस्ते असतात. एक, तसंच शिवून द्यायचं आणि गिऱ्हाईकाच्या लक्षात येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवून बसायचं. दोन, तो दुकानाची पायरी चढतानाच सांगून टाकायचं, तुमचं कापड मी वाया घालवलं.

मी विचारलं, तुम्ही काय करायचात?

"मी चाळीस वर्षं पहिलंच केलं. म्हणून तर सांगतो, दुसरं कर."

१९ नोव्हेंबर, बुधवार

लावला.

दुपारच्या सुट्टीत, जिन्याखाली उभं राहून. दोन रिंगमध्ये उचलला. बोला भाऊजी, म्हणाल्या. जसा काही मी कालच फोन केला होता. दीड वर्षांनी नाही. मी तयार केलेलं सगळं विसरलो. एकदम म्हणालो, वहिनी, बाबांच्या खालची ती ट्यूब आधी काढा, आत्ता, फोन हातात असतानाच काढा.

म्हणाल्या, घातलेलीच नाही. दादाने खिळ्यावरून काढून आणली होती, वहिनींनी ती परत नेऊन टांगली.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

मग त्यांनी विचारलंच. मशीनवर असणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलं? सांगून टाकलं. मशीन नाही वहिनी, मी माणसांना आंघोळ घालतो. पुसतो, नखं कापतो, संडासचं बघतो, कुशी बदलतो. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं, हसतायत. तोंडावर हात धरून.

"तुम्ही? स्वतःचा ओला टॉवेल उचलला नाहीत कधी, भाऊजी!"

मग हसणं थांबलं आणि त्या म्हणाल्या, बरं झालं, मग तुम्हालाच विचारते. बाबा सुनेला हात लावू देत नाहीत. तोंड भिंतीकडे करून चादर धरून ठेवतात. दादा सकाळी दुकानात जातात ते संध्याकाळी. तोवर बाबा तसेच, ओल्यात. कधी कधी रडतात. काय करू?

मी सांगितलं. एका वेळी एकच भाग उघडा. पाणी कोपराने तपासा. फडक्याकडे बघा, बाबांकडे नाही. आणि बोलत राहा, दुकानातलं काहीही, आज किती पंक्चरं आली, कोणी पैसे बुडवले. त्यांना भाव सांगायला लावा. लाल डाग दिसला तर बोटाने कसं दाबायचं, कधी घाबरायचं, चोळायचं का नाही. दोन तासांचं सांगितलं. त्या लिहून घेत होत्या, मध्ये मध्ये थांबा म्हणायच्या. दहा मिनिटं मी बोललो. माझ्या आयुष्यात माझं कोणी असं लिहून घेतलेलं नाही.

शेवटी म्हणालोच. गिऱ्हाईक पायरीवर होतं.

वहिनी, आईची जखम माझ्या ट्यूबने झाली.

म्हणाल्या, "माहीत आहे."

तेवढ्यात बाबांनी हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

माहीत आहे. केव्हापासून माहीत आहे? मी बोललो तेव्हा माहीत होतं? बादली हातात होती तेव्हा?

पुढून सहा वाजल्यापासूनच्या सगळ्या कुशी वेळेवर. एक मिनिट चुकलं नाही. बाकी काही कळत नाहीये मला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनींचा फोन आला, आपणहून. बाबांनी आज सगळं करू दिलं. एका पंक्चरचे किती घ्यायचे यावरून त्यांच्याशी भांडत भांडत.

मग मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. मी गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात नर्सबाई म्हणाली होती, ट्यूब काढा. वहिनी रोज काढायच्या. आई रोज परत मागायची. रुतायची, दुखायची, तरी मागायची. माझ्या पोराने करून दिली आहे, मी त्याच्यावरच झोपणार. जखम उघडी पडली तेव्हा कुठे सोडली, आणि वहिनींकडून वचन घेतलं, त्याला हे कधी कळू द्यायचं नाही.

मी म्हणालो, पण मी दारात उभा राहून तुम्हाला तसं बोललो, तेव्हा तरी सांगायचं.

"तेव्हा आई जाग्या होत्या, भाऊजी. माझ्याकडेच बघत होत्या."

मोठ्या सिस्टरला सांगून आलो, पुढचा महिनाही मी आहे. डबा उघडला. वहिनींच्या नावावर — अकरा हजार.